हायड्रोजेलमधले पाणी कुठे जाते? खरेदीपूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

आमच्याकडे हायड्रोजेल (मुळांजवळ पाणी धरून ठेवण्यासाठी मातीत मिसळायचे दाणे) विचारायला येणारे बहुतेक ग्राहक त्याचे फुगणे कुठेतरी पाहून आलेले असतात. चमचाभर पांढरे दाणे ग्लासभर पाण्यात टाकले की थोड्या वेळाने ग्लास उपडा केला तरी पाणी सांडत नाही, आणि विक्रीसाठी हेच सगळीकडे दाखवले जाते. शेताच्या दृष्टीने मात्र जेल किती फुगते यापेक्षा ते कसे सुकते, आणि सुकताना त्यातले पाणी मुळांना मिळते की हवेला, हे समजून घेणे अधिक गरजेचे आहे, असे आमचे मत आहे. हे पत्रक त्यासाठीच लिहिले आहे.

आम्ही विकतो ते दाणे पोटॅशियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे आहेत. लांबच लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असल्यामुळे दाणा पाण्यात विरघळत नाही, फक्त पाणी आत घेऊन ताणला जातो. शुद्ध पाण्यात तो स्वतःच्या वजनाच्या कित्येकशे पट पाणी घेतो. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात हा आकडा बराच खाली येतो, म्हणून पुढचा सगळा हिशेब आम्ही १०० पट धरून केला आहे. १०० पट पाणी घेतलेल्या दाण्यात ९९ टक्के पाणीच असते. त्याचा व्यास मात्र कोरड्या दाण्याच्या सुमारे पाचपटच होतो.

आता सुकण्याविषयी. ५ ग्रॅम दाणे २ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावेत, मलमलच्या फडक्यातून गाळावेत आणि ताटलीत पसरून सावलीत ठेवावेत. शेजारी तेवढ्याच तोंडाच्या दुसऱ्या ताटलीत साधे पाणी ठेवावे आणि दोन्हींचे वजन रोज ठरावीक वेळी करावे. पहिले काही दिवस दोन्ही ताटल्यांचे वजन जवळजवळ सारख्याच वेगाने घटते. अनेकांना याचे आश्चर्य वाटते, काहींना फसवणूकही वाटते. परंतु कारण सरळ आहे. भरपूर फुगलेल्या दाण्यातले बहुतांश पाणी इतके सैल धरलेले असते की हवेच्या दृष्टीने ते उघड्या पाण्यासारखेच असते, आणि ते किती वेगाने उडावे हे जेल ठरवत नाही, ऊन, वारा आणि हवेतला दमटपणा ठरवतात. मातीचे ढेकूळ सुकताना त्यातल्या पोकळ्यांत हवा शिरते. जेलमध्ये तशा पोकळ्या नसतात, त्यामुळे जेवढे पाणी गेले तेवढा दाणा आक्रसतो. पुढे दाण्याच्या पृष्ठभागावर घट्ट साय धरल्यासारखा थर तयार होतो, आतल्या पाण्याला त्यातून वाट काढत बाहेर यावे लागते आणि सुकण्याचा वेग झपाट्याने मंदावतो. अगदी शेवटचे पाणी साखळ्यांना इतके घट्ट चिकटलेले असते की ते साध्या हवेत पूर्ण जातच नाही: उन्हाळ्यात दाणा खड्यासारखा कडक होतो, पावसाळ्यात तोच दाणा हवेतला ओलावा घेऊन चिकट होतो.

या प्रयोगाचा अर्थ असा की जेल बाष्पीभवन थांबवत नाही. ते थांबवते वरची माती आणि त्यावरचे आच्छादन. जेलचे काम वेगळे आहे: हलक्या, मुरमाड जमिनीत जे पाणी मुळांखालून निघून जाते, ते मुळांजवळ अडवून ठेवणे. सर्वसाधारण पिकाची मुळे सुमारे १५ बारपर्यंतच्या (बार हे दाब मोजायचे एकक) ताणाने पाणी ओढू शकतात आणि जेलमधले बहुतेक पाणी त्याहून कमी ताणाने धरलेले असते, म्हणून ते मुळांना मिळते. उघड्यावर पडलेल्या जेलचे पाणी हवा नेते आणि उन्हाने त्याच्या साखळ्याही तुटू लागतात. म्हणून दाणे जमिनीवर फेकू नयेत. ते १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवर, मुळांच्या कक्षेत, मातीत नीट मिसळावेत.

मात्रेबाबत आम्हांला स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पुसा हायड्रोजेलची शिफारस हेक्टरी २.५ ते ५ किलो, म्हणजे एकरी साधारण १ ते २ किलो आहे. २ किलो जेल १०० पटीने २०० लिटर पाणी धरते. एका एकरावर पडलेला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर. म्हणजेच संपूर्ण एकरात विखुरलेल्या जेलमधला साठा १ मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका होतो. उन्हाळ्यात एका दिवसात कित्येक मिलिमीटर पाणी उडते. तेव्हा “जेल टाकले, आता पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या तरी चालतील” हा समज कृपया ठेवू नये. हीच मात्रा बियाण्याच्या ओळीत, रोपाच्या खड्ड्यात किंवा रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये पडली, तर गोष्ट बदलते. खड्ड्यात २० ग्रॅम दाणे म्हणजे कोवळ्या मुळांच्या हाताशी २ लिटर पाणी, आणि ठिबकच्या प्रत्येक पाळीला ते पुन्हा भरते. नव्या लागवडीत रोप जगवायला याचा खरा उपयोग होतो. काळ्या भारी जमिनीत मात्र चिकणमाती स्वतःच भरपूर पाणी धरते, तिथे आम्ही जेल सुचवत नाही.

डाळिंबाच्या बागायतदारांचा एक नेहमीचा प्रश्न असतो: बहार धरताना (झाडाला एकदम फुलवण्यासाठी) ताण द्यायचा, म्हणजे काही काळ पाणी तोडायचे, तेव्हा जेल आडवे येईल का? खड्ड्यात २०-३० ग्रॅमच जेल असेल तर त्यातले २-३ लिटर पाणी वाढलेल्या झाडाच्या एका दिवसाच्या गरजेलाही अपुरे असते, त्यामुळे ताण बसायला त्याने विशेष उशीर होत नाही.

पाण्यातले क्षार हा जेलचा मोठा शत्रू आहे. सोडियम किंवा पोटॅशियममुळे फुगवण घटते, पण गोड पाणी मिळाले की ती बऱ्याच अंशी परत येते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे तसे नाही; ते शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी जखडतात आणि दाणा पुन्हा पूर्वीसारखा उघडत नाही. शिवाय दाणा सुकतो तेव्हा पाणी जाते, क्षार मागेच राहतात. त्यामुळे जड पाणी आणि चुनखडीची जमीन असेल तिथे प्रत्येक सुकण्या-भिजण्याबरोबर जेलची ताकद कमी होत जाते. कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात जेल कधीही भिजवू नये. वर सांगितलेला प्रयोग पावसाचे पाणी आणि आपले बोअरचे पाणी अशा दोन्हींत केल्यास हा फरक वजनकाट्यावरच दिसेल.

बारीक दाणे काही मिनिटांत भिजतात, जाड दाण्यांना तास लागतात. व्यास दुप्पट झाला की वेळ साधारण चौपट होतो. म्हणून जाड दाणे वापरल्यास पहिले पाणी सावकाश आणि दोन-तीन वेळा द्यावे. खोलवर, दाबलेल्या मातीखाली दाणा पूर्ण फुगू शकत नाही, हेही लक्षात घ्यावे.

पिशवी उघडल्यावर घट्ट बांधून हवाबंद डब्यात ठेवावी, अन्यथा पावसाळ्यात दाण्यांचे गोळे होतात. लहान मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडात दाणे जाणार नाहीत याची कडक काळजी घ्यावी, कारण ते पोटात फुगून आतडे अडवू शकतात.

खरेदीला येताना पाणी परीक्षणाचा अहवाल आणि शक्य असल्यास माती परीक्षणाचाही सोबत आणावा. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि चुनखडीचे आकडे पाहून आम्ही मात्रा सांगू, आणि आपल्या शेतात जेलचा उपयोग होणार नसेल तर तेही त्याच वेळी सांगू.