ओटो की चायनीज अल्गी ईटर? फायटरच्या टाकीत कोणाला सोडायचं

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरात पुढच्या खोलीत दोन फुटी टाकी आहे. त्यात एक निळा फायटर मासा. खिडकी पश्चिमेची, त्यामुळे चारनंतर ऊन थेट काचेवर येतं आणि आठवड्याभरात हिरवट शेवाळ धरतं. सुट्टीत भाचा आला होता, तो म्हणाला, "मामा, शेवाळ खाणारा मासा आणू या ना." गेलो. दुकानदाराने पिशवी उजेडात धरली. आत बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, अंगावर आडवा काळा पट्टा, तोंड प्लॅस्टिकला चिकटलेलं. "आ लील खाय छे, लई जाओ." म्हणजे, हा शेवाळ खातो, घेऊन जा. मी तो ओटो, म्हणजे शेवाळ खाणारा छोटा शांत मासा, समजून घेतला. तो चायनीज अल्गी ईटर, म्हणजे लहानपणी तसाच दिसणारा दुसराच मासा, निघाला.

पहिले काही महिने काच लख्ख होती. मग तो बोटापेक्षा लांब झाला आणि शेवाळाकडे बघेनासा झाला. एका सकाळी फायटरच्या कुशीवर मसुराएवढा पांढुरका डाग दिसला, तिथली निळी चमक गेलेली. रात्री टॉर्च मारून पाहिलं तेव्हा कळलं. फायटर पानावर टेकून झोपलेला आणि हा त्याच्या अंगाला चिकटून खरवडत होता. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच असतं. तो गेला की बुरशी आणि जंतूंना वाट मोकळी होते. फायटर लांब परांचा, हळू पोहणारा, त्यामुळे अशा माशाला तो आयताच सापडतो. पाठलाग करणाऱ्या माशाशी फायटर भांडेल, पण झोपेत चिकटणाऱ्याला तो काय करणार?

म्हणून हे दोघे दुकानातच ओळखता यायला हवेत. लहानपणी दोघेही तीन-चार सेंटीमीटरचे, दोघांनाही पट्टा, दोघेही काचेला चिकटणारे. नावांवर भरवसा ठेवू नका. दुकानात दोन्हींना 'अल्गी ईटर' म्हणतात, कुठे दोन्हींना 'सकर'.

आधी पट्टा बघा. ओटोचा पट्टा नाकापासून शेपटीपर्यंत सलग असतो आणि शेपटीच्या मुळाशी गडद ठिपका असतो. चायनीजचा पट्टा बहुतेक वेळा नागमोडी, कडेला दातेरी किंवा मधे तुटल्यासारखा. चायनीजचा पिवळा प्रकारही मिळतो. त्याला 'गोल्डन' म्हणतात आणि त्यात पट्टा फिका पडतो किंवा नसतोच. तेव्हा पिवळा दिसला की ओटोचा विचारच सोडा.

मग कातडी. ओटो हा मार्जारमासा, दक्षिण अमेरिकेतला. त्याला खवले नसतात, हाडांच्या बारीक पट्ट्यांचं चिलखत असतं. जवळून पाहिलं तर अंग कोरडं, खडबडीत वाटतं. चायनीज हा आग्नेय आशियातल्या नद्यांतला, नावात चीन असलं तरी. त्याला साधे खवले आणि अंग गोलसर, निमुळतं.

सगळ्यात खात्रीची खूण कल्ल्यापाशी आहे. तो काचेला चिकटला की कल्ल्याकडे नीट बघा. चायनीजच्या कल्ल्याच्या झाकणाच्या वरच्या टोकाला आणखी एक छोटं छिद्र असतं. तोंड दगडाला चिकटलेलं असताना वाहत्या पाण्यात श्वास घ्यायची ही सोय: पाणी वरच्या छिद्रातून आत, खालून बाहेर. त्यामुळे झाकण भराभर फडफडताना दिसतं. ओटोला असं छिद्र नसतं. तोही चिकटतो, पण त्याचा श्वास शांत चालतो आणि अधूनमधून वर जाऊन तो हवेचा घोटही घेतो.

वागण्यातही फरक आहे. ओटो एकमेकांना खेटून एका कोपऱ्यात बसतात. चायनीज दुकानाच्या टाकीतच एकमेकांच्या मागे लागलेले दिसतात. आणि 'ओटो' म्हणून सहा सेंटीमीटरचा मासा दाखवला तर तो ओटो नाही. ओटो चार-पाच सेंटीमीटरवर थांबतो. चायनीज पुरा वाढला तर २५ सेंटीमीटरच्या पुढे जातो. आपल्या दोन फुटी टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी असतं. तिथे फायटर आणि हा एकत्र नांदणं शक्य नाही.

ओटो मिळाला म्हणजे झालं असंही नाही, आणि इथे बरेच जण फसतात. बाजारातले बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात. पकडल्यापासून आपल्या पिशवीत येईपर्यंत त्यांना धड खायला मिळालेलं नसतं. म्हणून विकत घेताना पिशवी वर धरून खालून पोट बघा. फुगीर पांढरं पोट असेल तरच घ्या. आत गेलेलं, चपटं पोट असेल तर तो मासा घरी आणून वाचवणं फार कठीण. नव्या, लख्ख टाकीत ओटो सोडणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. टाकी निदान तीन-चार महिने चाललेली हवी, काचेवर तपकिरी थर धरलेला हवा. तो तपकिरी थर त्याला फार आवडतो. दोरीसारखं लांब हिरवं शेवाळ मात्र तो खात नाही. ते हातानेच काढावं लागतं आणि खिडकीला पडदा लावावा लागतो. मी पडदा लावल्यावर शेवाळ निम्म्याने कमी झालं.

थर संपला की पालकाचं पान उकळत्या पाण्यातून काढून, नाहीतर काकडीची चकती, संध्याकाळी टाकीत टाकायची आणि सकाळी उरलेली काढून घ्यायची. एकटा ओटो घाबरून बसतो, निदान चार-पाच हवेत. म्हणून फायटर लहान बरणीवजा टाकीत असेल तर ओटो आणूच नका.

बडोद्याची हवा हाही प्रश्न आहे. ओटोला २२ ते २६ अंश मानवतं, फायटरला २५ ते २८. दोघांची गाठ २५-२६ वर पडते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना खोलीतलं पाणी सहज ३० च्या वर जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. फायटर वरून हवा घेऊन निभावतो, ओटोला जड जातं. म्हणून मी ओटो दिवाळीनंतरच आणायचे ठरवले. जानेवारीच्या रात्रींसाठी हिटर लागतोच. महापालिकेचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन घाला. शहराबाहेरच्या सोसायट्यांतलं बोअरचं पाणी जड असतं, ते ओटोला मानवत नाही. तिथे शेवाळ खाणारी नेराइट गोगलगाय बरी. तिला जड पाण्यात शंखाला चुना मिळतो आणि गोड्या पाण्यात तिची पिल्लं होत नाहीत. काही फायटर तिच्या मिशा कुरतडतात, तेवढं बघावं.

मोठा काळा सकर, म्हणजे प्लेको, मुळीच नको. तो फूटभर वाढतो. आणि कंटाळा आला म्हणून कोणताही सकर सूरसागरात किंवा विश्वामित्रीत सोडू नका. प्लेको हा दक्षिण अमेरिकेतला मासा भारतात अनेक ठिकाणी तळ्यांत आणि नद्यांत पसरला आहे आणि तिथल्या माशांना त्रास देतो.

माझा चायनीज मी दुकानात परत केला. फायटरच्या कुशीवरचा डाग भरून यायला तीन आठवडे लागले. दिवाळीनंतर पाच ओटो आणले. रात्री दिवा बंद केल्यावर टॉर्चचा उजेड खालून काचेवर टाकतो आणि पाचही पोटं मोजतो. गेल्या आठवड्यात त्यांतलं एक जरा चपटं वाटलं, म्हणून आज पालक टाकलाय.