देकार्तने बायकोचा कुत्रा फळीला ठोकला होता का?

प्राण्यांना वेदना नसतात हे दाखवायला फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तने बायकोचा कुत्रा फळीला ठोकून जिवंत चिरला, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. देकार्तने लग्नच केलं नव्हतं! पंजे ठोकण्याचं वर्णन पोर्ट-रॉयल मठातल्या त्याच्या अनुयायांबद्दलचं आहे. गोष्टीतली बायको बहुधा १९व्या शतकातला फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याच्यावरून आली; तो जिवंत प्राण्यांवर प्रयोग करायचा. असल्या प्रयोगांना त्याच्या पत्नीचा कडवा विरोध होता.

पण म्हणून देकार्तचे हात स्वच्छ ठरत नाहीत. जिवंत कुत्र्याच्या हृदयाचं टोक कापून आत बोट घातलं, की प्रत्येक ठोक्याला ते दाबलं जातं, हे त्यानेच लिहिलंय. मात्र १६४९ साली इंग्रज तत्त्वज्ञ हेन्री मोरला लिहिलेल्या पत्रात तो प्राण्यांना विचारशक्ती नाकारतो, इंद्रियांची संवेदना नाकारत नाही.