जुन्या संगणकाला मोठी डिस्क जोडताना कोणता डॉस घ्यावा?

जुन्या ४८६ किंवा पेंटियम संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली की तिच्या जागी बसवायला तशीच ५४० एमबीची डिस्क आज सहसा मिळत नाही. हाताशी असते ती ८० जीबीची आयडीई डिस्क, नाहीतर अडॅप्टरवर बसवलेले ३२ जीबीचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड. ती बसवल्यावर पहिला प्रश्न येतो तो डॉसच्या, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या जुन्या कार्यप्रणालीच्या, आवृत्तीचा, कारण प्रत्येक आवृत्तीची मोजण्याची ताकद वेगळी आहे.

मर्यादा मोजण्याचीच असते. रजिस्टरच्या रकान्यात दोनच अंक मावत असतील तर शंभरावी नोंद करता येत नाही, मग कपाट कितीही मोठे असो. १९८४ साली डॉस ३.० बरोबर डिस्कवर फाइली कुठे आहेत ते नोंदवण्याची फॅट१६ ही पद्धत आली, तेव्हा डिस्कवरील सेक्टरांची, म्हणजे जागेच्या लहानात लहान तुकड्यांची, संख्या लिहायला १६ बिट होते. एक सेक्टर ५१२ बाइटचा आणि १६ बिटांत मावणाऱ्या संख्या ६५,५३६, म्हणजे एका विभागाची कमाल मर्यादा ३२ एमबी. १९८७ च्या डॉस ३.३ ने एकाच डिस्कचे सी, डी, ई असे अनेक तुकडे करण्याची सोय देऊन वेळ मारून नेली. सेक्टरांच्या संख्येला ३२ बिट देण्याचा खरा इलाज आधी कॉम्पॅकच्या डॉस ३.३१ मध्ये आणि मग १९८८ च्या एमएस-डॉस ४.० मध्ये झाला.

तरीही क्लस्टरचा क्रमांक १६ बिटांचाच राहिला. क्लस्टर म्हणजे फाइलला एका वेळी दिली जाणारी किमान जागा. तो जास्तीत जास्त ३२ केबीचा करता येत असल्यामुळे एमएस-डॉस ६.२२ पर्यंत एका विभागाची मर्यादा २ जीबीवर थांबली. मोठ्या क्लस्टरची किंमतही मोजावी लागते: ३०० बाइटची ऑटोएक्झेक.बॅट अशा विभागावर पूर्ण ३२ केबी अडवून बसते. प्रत्येक फाइलमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो असे धरले, तर दहा हजार फाइलींमागे सुमारे १६० एमबी जागा नुसती रिकामी राहते.

दुसरी भिंत बायोसची, म्हणजे संगणक सुरू होताच चालणाऱ्या आणि डिस्कशी बोलणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची आहे. जुन्या पद्धतीत डॉस बायोसकडे सिलिंडर, हेड आणि सेक्टर असा तीन भागांचा पत्ता देतो. त्यात सिलिंडर १,०२४, हेड २५५ आणि सेक्टर ६३ एवढेच मावतात. हेड खरे तर २५६ असायला हवेत, पण २५६ ही संख्या जुन्या डॉसच्या एका बाइटमध्ये बसत नसल्याने एक हेड सोडूनच द्यावे लागले. या साऱ्याचा गुणाकार सुमारे ८.४ अब्ज बाइट होतो. त्यामुळे ८० जीबीच्या डिस्कवर ६.२२ घातला तर पहिले ८.४ जीबीच वापरता येतात आणि तेही किमान चार तुकडे करून. बायोस त्याहून जुना असेल तर त्याची स्वतःची मर्यादा ५०४ एमबीवरच आडवी येऊ शकते, आणि त्या वेळी डॉस बदलून काहीही साधत नाही.

पुढची पायरी म्हणजे १९९६ साली विंडोज ९५ च्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेला डॉस ७.१. त्याला फॅट३२ ही फॅट१६ ची मोठ्या डिस्कांसाठीची पुढची पद्धत समजते आणि तो सेक्टरचा थेट क्रमांक देऊन बायोसशी बोलतो. त्यातला डिस्कचे विभाग पाडणारा एफडिस्क हा प्रोग्रॅम सुरुवातीलाच मोठ्या डिस्कची सोय हवी का असे विचारतो. ‘वाय’ दाबले तरच फॅट३२ मिळते. मात्र विंडोज ९८ च्या मूळ एफडिस्कमध्ये एमबीचा आकडा पुन्हा १६ बिटांतच ठेवलेला असल्याने ८० जीबीची डिस्क त्याला जेमतेम १०,७५० एमबीची दिसते. मायक्रोसॉफ्टने नंतर दुरुस्त एफडिस्क दिला, तोच वापरावा.

डॉस ७.१ स्वतंत्रपणे कधी विकला गेला नाही, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने फ्रीडॉस घ्यावा असे माझे मत आहे. जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प २००६ मध्ये १.० पर्यंत आणि २०२२ मध्ये १.३ पर्यंत पोहोचला. फॅट३२ आणि मोठ्या डिस्का त्याला मुळातच कळतात. २ टीबीपर्यंत, तेही एमबीआर या विभागांची यादी ठेवण्याच्या जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर. विंडोज ३.१ चालवायचे असेल तर मात्र त्यावर फार विसंबू नये. आणखी एक गंमत म्हणजे काही जुने इन्स्टॉलर २ जीबीहून अधिक मोकळी जागा पाहून गोंधळतात आणि जागा अपुरी असल्याचे सांगतात.

पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवलेल्या संगणकाची गोष्ट वेगळी आहे. देवनागरी दाखवणारे हे कार्ड आणि त्याचे सॉफ्टवेअर ज्या डॉसवर चालत आले, तोच तिथे ठेवावा. मोठ्या डिस्कची त्याला गरजही नसते. इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संकेतात एका अक्षरचिन्हाला एकच बाइट लागतो, त्यामुळे दोन हजार चिन्हांचे एक पान धरले तर २ जीबीत दहा लाख पाने मावतात. तीच पाने प्रत्येकी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली तर ३२ केबीच्या क्लस्टरमुळे पासष्ट हजारांतच डिस्क भरते. म्हणून अशा संगणकावर मी २ जीबीचा एक सलग विभाग न करता पाचशे एमबीचे चार करतो. मग क्लस्टर ८ केबीचा होतो आणि त्याच जागेत चौपट फाइली बसतात.