प्लग काळा पडला म्हणजे प्लग गेला?

खानापूर-निपाणी भागात पेट्रोलवरचा फवारणी पंप बंद पडला की इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगबद्दल सल्ला ठरलेला: ‘प्लग काळा पडलाय, नवा टाक.’ नवाही काळा पडतो, मग शिव्या दुकानदाराला. बिचाऱ्याचा काय दोष!

बोटाला लागणारी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक (हवा कमी करणारी झडप) ओढलेलाच राहिलाय किंवा एअर फिल्टर धुळीने, भाताच्या तुसाने चोंदलाय. आधी तो झाडा. प्लग तेलकट ओला असेल तर टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलात मिसळायचं ऑइल बहुधा अंदाजाने ओतलेलं असतं. टोक फिकट तपकिरी दिसलं तर जळण ठीक चाललंय. चिनीमातीला तडा गेला किंवा टोक झिजलं, तर मात्र प्लग बदलाच. पॉलिश पेपरने घासू नका, त्याचे कण आत अडकतात. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती टोकातली फट, मॅन्युअलप्रमाणे ठेवा, बहुतेक इंजिनांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर.