'जोर' मोजायचा कशानं? संवेग आणि गतिज ऊर्जा वेगळ्या कशा झाल्या

उतारावरून सुटलेल्या गाडीला 'जोर' असतो, असं आपण सहज बोलून जातो. हा जोर नेमका मोजायचा कशानं, यावर युरोपातल्या गणितज्ञांत १६८६पासून पन्नासहून अधिक वर्षं भांडण चाललं. भांडण कशावरून होतं ते एका मोटारीवरून कळेल. १००० किलोची मोटार ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगानं चालली आहे. ब्रेकचं बल ५००० न्यूटन धरलं तर ती २ सेकंदांत, १० मीटरवर थांबते. आता वेग दुप्पट करा, ब्रेक तेवढाच ठेवा. थांबायला ४ सेकंद लागतील, पण अंतर ४० मीटर होईल. मग जोर दुप्पट झाला की चौपट? घड्याळ धरणारा दुप्पट म्हणेल, टेप धरणारा चौपट.

सुरुवात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तपासून. १६४४ साली त्यानं मांडलं की वस्तूचं आकारमान गुणिले तिची चाल ही 'गतीची राशी' असून विश्वात ती कायम राहते. यात दिशा नव्हती, आणि तिथंच गाडं अडलं. मातीचे दोन सारखे गोळे समोरासमोर येऊन आदळले की एकमेकांना चिकटून जागच्या जागी थांबतात. देकार्तच्या हिशेबानं आधीची राशी गेली कुठं, याला उत्तर नाही. एका गोळ्याचा वेग धन आणि दुसऱ्याचा ऋण धरला की आधीची बेरीजही शून्य येते. १६६८-६९मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांनी टकरींचे नियम मांडले, त्यातून ही दुरुस्ती पक्की झाली. हायगेन्सला आणखी एक गोष्ट दिसली होती: कडक गोळ्यांच्या टकरीत वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग यांची बेरीजही बदलत नाही.

हाच वर्ग जर्मन गणितज्ञ लायब्निझनं १६८६ साली उचलला. त्याचा युक्तिवाद असा: १ शेर वजन ४ हात उचलायला जेवढे कष्ट पडतात तेवढेच ४ शेर वजन १ हात उचलायला. तेव्हा ती वजनं तेवढ्या उंचीवरून पडली तर त्यांचा जोरही सारखा हवा. पण गॅलिलिओच्या नियमानुसार चौपट उंचीवरून पडलेल्याचा वेग दुप्पटच होतो. म्हणजे वस्तुमान × वेग काढलं तर एकाचं २, दुसऱ्याचं ४. वेगाचा वर्ग घेतला तर दोघांचंही ४. या राशीला त्यानं 'जिवंत बल' असं नाव दिलं; आजच्या गतिज ऊर्जेचं हे मूळ रूप. पुढच्याच वर्षी न्यूटनचा ग्रंथ आला. त्यातला दुसरा नियम बलाला 'गतीतल्या बदला'शी बांधतो, आणि तिथं गती म्हणजे वस्तुमान × वेग, ज्याला आज आपण संवेग म्हणतो. दोन तट पडले, आणि त्यांना देशाभिमानाचीही फोडणी मिळाली.

हॉलंडमधल्या लायडनच्या ग्राव्हसांडचा १७२२चा प्रयोग यातला सगळ्यात बोलका. इटलीत पोलेनीनं चरबीच्या थरावर असंच काही आधी केलं होतं. ग्राव्हसांडनं एकाच व्यासाचे पण वेगवेगळ्या वजनाचे पितळी गोळे मऊ मातीवर टाकले. वजनं १ आणि ३ असतील तर उंची ३ आणि १ ठेवायची. खड्डे सारखेच पडले. स्वतः न्यूटनच्या बाजूचा असूनही त्यानं मत बदललं.

पण या प्रयोगात एक मेख आहे. १ मीटरवरून पडलेला गोळा सेकंदाला साधारण ४.४ मीटर वेगानं मातीत शिरतो आणि १ सेंटिमीटर रुतला तर ५ मिलिसेकंदांच्या आत थांबतो. एवढा काळ मोजणारं घड्याळ तेव्हा कुणाकडंच नव्हतं. खोली मात्र पट्टीनंही मोजता येत होती. जड गोळा हळू येतो, म्हणून तेवढाच खड्डा पाडायला त्याला हलक्यापेक्षा १.७३ पट वेळ लागतो, आणि त्याचा संवेगही बरोबर १.७३ पट असतो. मातीनं दोन्ही हिशेब केले होते, माणसांना एकच वाचता आला.

उलट बाजूचा पुरावा बंदुकीतून आला. १७४२ साली इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्सनं गोळीचा वेग मोजायची रीत दिली: टांगलेल्या जड लंबकात गोळी रुतवायची आणि तो किती झुलला ते पाहायचं. आजच्या रायफलीचे आकडे घालू. १० ग्रॅमची गोळी, गोळीसकट ठोकळा ४ किलो, आणि तो सुमारे २० सेंटिमीटर वर चढला. म्हणजे रुतल्यावर त्याचा वेग सेकंदाला २ मीटर होता. संवेगावरून गोळीचा वेग निघतो ८०० मीटर. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथं: पहिल्यापासून शेवटपर्यंत ऊर्जाच धरली तर उत्तर येतं ४० मीटर, वीस पट कमी. गोळी घुसताना संवेग टिकतो, ऊर्जा नाही. ३२०० ज्यूलपैकी ८ ज्यूल झुलण्यात जातात, बाकीची लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात. हरवलेलं जिवंत बल वस्तूच्या सूक्ष्म कणांत जातं, असं लायब्निझ म्हणालाच होता. त्याचा आकड्यांतला हिशेब १८४०च्या दशकात जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञानं लावला.

फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातलेनं १७४०च्या आपल्या पुस्तकात लायब्निझची बाजू घेतली. (मातीचा प्रयोग तिच्या नावावर सांगितला जातो, पण मूळ प्रयोग ग्राव्हसांडचा.) १७४३ साली फ्रेंच गणितज्ञ दालांबेरनं हा निव्वळ शब्दांचा वाद असल्याचं जाहीर केलं. आजच्या भाषेत: बल × काल म्हणजे संवेगातला बदल, बल × विस्थापन म्हणजे गतिज ऊर्जेतला बदल. 'निव्वळ शब्दांचा' हे मात्र जरा घाईचं होतं. लंबकाचं २० पट चुकलेलं उत्तर शब्दांमुळं येत नाही.

राहिला तो गतिज ऊर्जेच्या सूत्रातला अर्धा. सारख्या ब्रेकनं थांबणाऱ्या मोटारीचा सरासरी वेग सुरुवातीच्या निम्मा असतो, म्हणून अंतर = निम्मा वेग × काळ. दोन्ही बाजूंना बलानं गुणलं की बल × अंतर = निम्मा वेग × संवेग, म्हणजेच वस्तुमान × वेगाचा वर्ग, भागिले दोन. लायब्निझकडं हे 'भागिले दोन' नव्हतं. फक्त तुलना करायची असेल तर ते दोन्हीकडून उडतं, म्हणून कुणाचं अडलंही नाही. यंत्रं किती काम देतात याचा नेमका आकडा हवा झाला, तेव्हा १८२९ साली फ्रेंच अभियंता कोरिओलिसनं ते आत घेतलं.