एचपीव्ही लस आणि मुलगे: हिशेब कुठून धरायचा?

जून २००६ मध्ये अमेरिकेत एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमाव्हायरस, लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू) याच्यावरच्या पहिल्या लशीला परवानगी मिळाली, ती ९ ते २६ वयाच्या मुली आणि तरुणींसाठी. लस विषाणूच्या चार प्रकारांवर होती. १६ आणि १८ हे कर्करोगाचे, तर ६ आणि ११ हे जननेंद्रियांवर चामखिळी आणणारे. चामखिळी काही बाई-पुरुष बघून येत नाहीत. तरी लस लोकांपर्यंत पोचली ती ‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस’ म्हणून. मुलग्यांवरून पुढे जो वाद झाला, त्याची बरीचशी मुळं या नावात आहेत. मुलींचं लसीकरण हा पाया ठरला आणि मुलगे कायम ‘वरचा खर्च’ म्हणून दाराशी उभे राहिले. (मराठीत तर ‘मुलांना लस द्या’ म्हटलं की मुलगे की सगळी लेकरं, तेही पुन्हा विचारावं लागतं.)

नाव अगदीच चुकीचं नव्हतं. १९८३-८४ मध्ये १६ आणि १८ हे प्रकार सापडले ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगातच, आणि त्या शोधाला २००८ चं नोबेलही मिळालं. २०१९ च्या अंदाजानुसार एचपीव्हीमुळे होणारे कर्करोग वर्षाला स्त्रियांत ६ लाख २० हजार आणि पुरुषांत ७० हजार. शिवाय गर्भाशयमुखात कर्करोगाआधीचे बदल तपासणीत दिसतात, त्यामुळे लस लागू पडते की नाही हे काही वर्षांत कळतं. एचपीव्हीमुळे घशाचाही कर्करोग होतो, पण त्याचा असा आधीचा टप्पा तपासणीत हाती लागत नाही.

फक्त मुलींना टोचायचं, हा प्रयोगही पहिला नव्हता. ब्रिटनमध्ये १९७० पासून रुबेलाची लस शाळकरी मुलींनाच देत, कारण धोका गर्भाला. १९८८ मध्ये ती गोवर-गालगुंडाच्या लशीबरोबर मुलग्यांनाही सुरू झाली, कारण मुलगे मोकळे असेपर्यंत विषाणू फिरतच राहत होता.

अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये मुलग्यांसाठी परवानगी आली, तीही चामखिळींपुरती. लसीकरणावरच्या सरकारी सल्लागारांचे शब्द मोजून-मापून होते: ‘देता येईल’. ‘द्यावी’ म्हणायला २०११ चा ऑक्टोबर उजाडला. सरकारी खर्चाने देशभर मुलग्यांना लस देणारा पहिला देश ऑस्ट्रेलिया, फेब्रुवारी २०१३ पासून.

त्याच ऑस्ट्रेलियातून दोन्ही बाजूंना हवा तो पुरावा मिळाला. तिथे २००७ पासून मुलींना लस होती. आठ लैंगिक आरोग्य केंद्रांच्या नोंदींनुसार, २१ वर्षांखालच्या स्त्रियांत चामखिळींचं प्रमाण २००७ मध्ये ११.५ टक्के होतं, ते २०११ मध्ये ०.८५ टक्क्यांवर आलं. त्याच वयाच्या, स्त्रियांशी संबंध असलेल्या पुरुषांत ते १२.१ वरून २.२ वर आलं, आणि या पुरुषांना कार्यक्रमात लस नव्हतीच. एक बाजू म्हणाली, बघा, मुलींना द्या, मुलगे आपोआप वाचतात. दुसरी म्हणाली, पुरुषांशीच संबंध असलेल्या पुरुषांत तशी घट कुठे आहे?

या प्रश्नावर सगळ्यात मोठा खल झाला ब्रिटनमध्ये. २००८ पासून शाळांत मुलींना लस, प्रमाण ८० टक्क्यांच्या वर. जुलै २०१७ मध्ये लसीकरणाच्या सरकारी सल्लागार समितीने मुलग्यांना अंतरिम नकार दिला. लस मुलग्यांना चालत नाही असं कुणीच म्हणत नव्हतं, अडलं होतं गणितात, आणि त्यात दोन गाठी होत्या.

पहिली गाठ पायाची. कार्यक्रमच नाही असं धरून मुला-मुलींना एकदम लस देण्याचा हिशेब मांडला, तर तो सहज परवडत होता. पण मुलींना आधीच लस आहे, आता मुलग्यांची वाढीव किंमत काढा म्हटलं, की फायद्याचा मोठा भाग मुलींच्या खात्यावर जमा झालेला असायचा. रांगेत आधी उभा राहिला त्याचं ताट भरलेलं, असा हा प्रकार. इथे मला गणितापेक्षा क्रमाचाच जोर जास्त दिसतो.

दुसरी गाठ वटावाच्या दराची. लस आज, फायदा चाळीस-पन्नास वर्षांनी. सरकारी रीतीप्रमाणे पुढचा फायदा दरसाल ३.५ टक्क्यांनी कमी धरायचा. बाराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलाचा सत्तावनाव्या वर्षी घशाचा कर्करोग टळला, तर १०० गुणांच्या त्या फायद्याचे आजच्या वहीत उरतात जेमतेम २१. दर १.५ टक्के धरला की तेच ५१ होतात. एवढ्या एका आकड्यावर लाखो मुलग्यांचं ‘हो’ की ‘नाही’ टांगलेलं होतं.

दरम्यान इंग्लंडमध्ये पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांसाठी वेगळी सोय झाली, ४५ वर्षांपर्यंत, लैंगिक आरोग्य केंद्रांत. पण तिथे येणाऱ्याचा विषाणूशी संबंध बहुधा आधीच आलेला असतो, आणि ही लस खरी उपयोगाची त्याच्या आधी. बारा वर्षांच्या मुलाने आपला कल सांगून लस मागावी, ही अपेक्षाही कोण करणार! जुलै २०१८ मध्ये समितीने मत फिरवलं. सप्टेंबर २०१९ पासून मुलग्यांना शाळेत लस सुरू झाली.

मुलींच्या जोरावर मुलगे वाचतील हे गृहीतक किती तकलादू आहे, ते तोवर दिसलंही होतं. जपानने जून २०१३ मध्ये लशीची शिफारस थांबवली आणि लसीकरणाचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपासवरून एका टक्क्याखाली गेलं. डेन्मार्कमध्येही अशीच घसरण झाली. फिनलंडमध्ये ३३ वस्त्यांत झालेल्या चाचणीत मुलींच्या लसीकरणाचं प्रमाण बेताचंच होतं. तिथे मुलग्यांनाही लस दिल्यावर लस न घेतलेल्यांचं संरक्षण वाढलं. आणि अमेरिकेत २०१५ पर्यंत घशाच्या एचपीव्ही-संबंधित कर्करोगांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला संख्येत मागे टाकलं होतं. त्यातले बहुतेक रुग्ण पुरुष.

पण श्रीमंत देश मुलग्यांच्या हिशेबात गुंतले असताना लसच पुरेनाशी झाली होती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा भार सर्वाधिक आहे अशा कित्येक देशांत मुलींपर्यंतही लस पोचली नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं: सगळीकडच्या मुलींना मिळेपर्यंत मुलग्यांचं लसीकरण तात्पुरतं लांबणीवर टाका. ब्रिटनमधली शाळेतली सुरुवात जेमतेम महिन्याभरापूर्वीची! ही सूचना मला रास्त वाटते. तिची झळ मात्र लस विकत घेऊ न शकणाऱ्यांनाच बसणार होती.

कोंडी सुटायला मदत झाली ती एका अर्धवट राहिलेल्या अभ्यासाची. भारतात २००९ मध्ये दोन डोस विरुद्ध तीन डोस अशी तुलना सुरू झाली होती. एप्रिल २०१० मध्ये लसीकरण थांबवण्याचा आदेश आला आणि हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. त्यांचा पाठपुरावा चालू ठेवला, तर एका डोसचं संरक्षणही टिकलेलं दिसलं. पुढे इतर चाचण्यांची भर पडली आणि एप्रिल २०२२ मध्ये एक डोस पुरेसा असल्याचा त्याच तज्ज्ञांचा सल्ला आला. तेवढ्याच साठ्यात दुप्पट मुली बसू लागल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२२ च्या सुधारित भूमिकेत मुलगे परत आले, पण ‘दुय्यम’ गटात, मोठ्या वयाच्या स्त्रियांच्या सोबतीने, आणि जमेल व परवडेल तिथेच. पहिला मान अजूनही ९ ते १४ वयाच्या मुलींचा आहे.