युद्धाआधीपासून तयार होत गेलेले हात : सुदानच्या 'आपत्कालीन कक्षां'ची पार्श्वभूमी

२०२३ सालचा रमजान संपत आला होता. ईदला आठवडाही उरला नव्हता. शनिवारी, १५ एप्रिलच्या सकाळी राजधानी खार्टूममध्ये सुदानचं लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. शहराच्या उत्तर भागातला बाहरीचा जलशुद्धीकरण प्रकल्प पहिल्याच दिवशी बंद पडला. देशाच्या पश्चिमेकडच्या दारफुरमध्ये काबकाबिया इथे जागतिक अन्न कार्यक्रमाचे तीन कर्मचारी मारले गेले आणि त्या संस्थेने देशभरातलं काम थांबवलं. दूतावासांनी आपापली माणसं विमानांनी बाहेर काढली. संयुक्त राष्ट्रांचा मुक्काम तांबड्या समुद्राकाठच्या पोर्ट सुदानला हलला आणि पुढे सरकारही तिकडेच गेलं.

शहरातली माणसं मात्र होती तिथेच होती. मोहल्ल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर निरोप फिरू लागले: कोणत्या विहिरीला पाणी आहे, इन्सुलिन कुणाकडे शिल्लक आहे, पुलापलीकडे जायला कोणता रस्ता मोकळा आहे. गाढवगाड्यांवरून पाणी पोचू लागलं. दक्षिण खार्टूममधलं बंद पडलेलं बशाइर रुग्णालय स्वयंसेवकांनी पुन्हा उघडलं. या गटांना नाव मिळालं 'गुर्फत अल-तवारी', म्हणजे आपत्कालीन कक्ष. पुढे अशा कक्षांची संख्या शेकड्यांत गेली आणि राज्याराज्यांत ते उभे राहिले.

बाहेरच्या बातम्यांमध्ये याचं वर्णन बहुतेक वेळा चमत्कार म्हणून येतं: राज्ययंत्रणा कोसळली आणि राखेतून माणुसकी उगवली. वर्णन गोड आहे, पण अपुरं आहे. या मंडळींकडे घरोघरची माहिती होती, एकमेकांवर विश्वास होता आणि सरकारशिवाय काम उरकण्याचा सरावही होता. हे तिन्ही कुठून आलं, ते पाहायला मागे जावं लागतं.

सगळ्यात जुना धागा 'नफीर'चा. सुदानच्या खेड्यांत कुणाचं घर बांधायचं असेल, पीक कापायचं असेल, तर हाक द्यायची. गाव जमतं, काम उरकतं आणि ज्याचं काम त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. मराठीतल्या इर्जिकेच्या फार जवळचा हा प्रकार. दुसरा धागा 'तकिया'चा. सूफी परंपरेत वाटसरूला आणि गरिबाला जेवण मिळण्याची ही जागा. युद्धात गल्लीगल्लीत उभ्या राहिलेल्या सामुदायिक स्वयंपाकघरांना लोकांनी हेच नाव दिलं. पण परंपरेवरच सगळं ढकलून चालणार नाही. नफीर पुष्कळ जुनी आहे. तिच्या जोरावर लाखांच्या शहरात रोजचा स्वयंपाक चालवता येईल, असं आधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

शहरापुरता विचार केला तर सुरुवात १९८३ नंतरची. दक्षिणेतलं यादवी युद्ध त्या वर्षी पुन्हा पेटलं आणि २००५ पर्यंत चाललं. दक्षिणेतून, नुबा पर्वतांतून लाखो माणसं खार्टूमच्या कडेला येऊन राहिली. सरकारच्या लेखी ते घुसखोर. त्यांच्या झोपड्या पुन्हा पुन्हा पाडल्या गेल्या, माणसं शहरापासून आणखी लांब, वाळवंटाच्या तोंडाशी नेऊन टाकली गेली. अशा एका वस्तीचं नावच 'जबरोना' पडलं: आम्हाला इथे बळजबरीने आणलं. या वस्त्यांतल्या बायका रस्त्याच्या कडेला चहा विकून घर चालवत. पोलीस भांडी उचलून नेत, दंड लावत. नुबा भागातून आलेल्या अवदेया महमूद यांनी १९९० मध्ये या चहावाल्या आणि खाणावळीवाल्या बायकांची सहकारी संस्था काढली. विस्थापितांनी विस्थापितांसाठी उभं केलेलं, टिकलेलं हे काम. २०१६ मध्ये त्यांना अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा धाडसी महिलांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोवर पाव शतक उलटून गेलं होतं.

त्याच काळात मदतीचा दुसरा, मोठा रस्ता बांधला जात होता. १९८८ च्या दुष्काळानंतर, १९८९ मध्ये 'ऑपरेशन लाइफलाइन सुदान' सुरू झालं. संयुक्त राष्ट्रांनी सरकार आणि बंडखोर दोघांशी बोलणी करून युद्धक्षेत्रात धान्य पोचवण्याचा करार केला. यातून असंख्य जीव वाचले. पण धान्य कुठे उतरायचं ते बंदूकवाल्यांच्या परवानगीवर ठरू लागलं, आणि ही किल्ली सरकारने पुढे कधी सोडली नाही. मार्च २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने दारफुरमधल्या अत्याचारांसाठी सुदानचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर अटक वॉरंट काढलं. उत्तर म्हणून त्यांनी १३ आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांना देशाबाहेर काढलं. विस्थापितांच्या छावण्यांमधले दवाखाने, पाणी, पोषण यांचा मोठा हिस्सा एका फटक्यात गेला. बाहेरून येणारी मदत कुणीतरी सही करून थांबवू शकतं, हे दारफुर तेव्हाच शिकलं. खार्टूमला तेच शिकायला आणखी १४ वर्षं लागली.

आता मोहल्ल्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथली आहे. बशीर यांच्या राजवटीत प्रत्येक मोहल्ल्यात 'लोकसमित्या' असत. नाव लोकांचं, काम राजवटीचं. रहिवासाचा दाखला हवा तर समितीकडे जा, साखरेचं वाटप समितीकडे, आणि कोण काय बोलतो याची खबरही समितीकडे. ऑगस्ट २०१३ मध्ये खार्टूमला मोठा पूर आला. सरकार ढिम्म राहिलं, तेव्हा तरुणांनी 'नफीर' याच नावाने मोहीम उभारली. फोन घेणारी एक टोळी, सामान बांधणारी दुसरी, चिखलातून वस्त्यांत जाणारी तिसरी. महिनाभरात इंधनाचं अनुदान काढल्यावरून निदर्शनं झाली आणि त्यांवरच्या गोळीबारात दीडशेहून अधिक माणसं मेली. याच सुमारास 'प्रतिकार समित्या' मोहल्ल्यांतून आकार घेऊ लागल्या. सरकारी समितीसमोर तिच्याच गल्लीत उभी राहिलेली दुसरी समिती, असं त्यांचं रूप होतं.

डिसेंबर २०१८ मध्ये पाव एका पौंडाचा तीन पौंड झाला. अतबरा शहरातून सुरू झालेलं आंदोलन खार्टूमला पोचलं आणि ६ एप्रिल २०१९ पासून लष्करी मुख्यालयासमोर ठिय्या बसला. पाच दिवसांत बशीर गेले, ठिय्या मात्र उठला नाही. तिथे स्वयंपाकघरं होती, दवाखाने होते, मुलांसाठी वर्गही होते. पैशांच्या पेटीजवळ एक वाक्य घुमत असे: 'असेल तर टाक, नसेल तर घे.' पुढच्या कक्षांचा अख्खा जमाखर्च या एका वाक्यात मावतो. ३ जूनला सैनिकांनी ठिय्या चिरडला. शंभरहून अधिक माणसं मारली गेली, इंटरनेट बंद झालं. तरीही ३० जूनला देशभर प्रचंड मोर्चे निघाले. इंटरनेट नसताना निरोप घरोघर जाऊन, भिंतींवर लिहून पोचवले होते. युद्धात याचा किती उपयोग होणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना असणार?

त्यानंतरची दोन वर्षं इतिहास लिहिणारे भराभर ओलांडतात. माझ्या मते आपल्या विषयाला तीच सगळ्यात महत्त्वाची. बशीर गेल्यावर नागरी नेते आणि लष्कर यांनी मिळून चालवलेल्या संक्रमण सरकारच्या काळात या प्रतिकार समित्यांमधल्या अनेकांनी मोहल्ल्याच्या सेवांचं काम अंगावर घेतलं. अनुदानाचं पीठ बेकरीतून काळ्या बाजारात जाऊ नये म्हणून पोरं पहाटे बेकरीच्या दारात उभी राहत. कोणत्या घरात किती माणसं, पाव किती, गॅस कुणाला मिळाला, याच्या याद्या होत. कंटाळवाणं आणि भांडणांनी भरलेलं काम. पण २०२३ मध्ये कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कुणाला डायलिसिस लागतं, हे ज्यांना तोंडपाठ होतं ती हीच माणसं. २५ ऑक्टोबर २०२१ ला लष्करप्रमुख जनरल बुरहान यांनी सत्ता हातात घेतली. त्यांच्या सोबतीला होते निमलष्करी दलाचे प्रमुख हेमेदती. समित्या पुन्हा रस्त्यावर उतरल्या. दीड वर्षाने हे दोघं आपसात लढू लागले, तेव्हा समित्यांचं वैर दोघांशीही जुनं होतं.

कक्षांचा पेच इथूनच सुरू होतो. मदत करायची तर तटस्थ राहायला हवं, आणि मुळं तर राजकारणात. कक्षांनी राजकीय झेंडा बाहेर ठेवला. दरवाजा सगळ्यांना उघडा ठेवला, त्यात राजकारणाशी संबंध नसलेली कितीतरी माणसं आली. पण बंदूकवाले जुना हिशेब विसरत नाहीत. निमलष्करी दलाच्या ताब्यातल्या भागात स्वयंसेवक पकडले गेले, लष्कराच्या भागातही. मार्च २०२५ मध्ये लष्कराने खार्टूम परत घेतल्यावर, शत्रूच्या भागात स्वयंपाक केला म्हणजे त्याला साथ दिली, असा आरोप त्यांच्यावर आला. बायकांनी आपले वेगळे कक्ष काढले, कारण लैंगिक अत्याचारानंतर औषध, आसरा आणि गुप्तता हे काम मिश्र गटात उघडपणे होत नव्हतं.

पैशाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सुरुवातीला पैसा आला तो परदेशी असलेल्या सुदानी नातलगांकडून, बँक ऑफ खार्टूमच्या 'बँकाक' अॅपवरून. नोटा मिळत नव्हत्या, तेव्हा डाळ, फूल म्हणजे बाकल्याच्या शेंगांचे दाणे, लाकूड, पाणी सगळं याच अॅपवर विकत घेतलं जाई. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशाच्या मोठ्या भागात फोन आणि इंटरनेट बंद झालं आणि पैसे येणं थांबल्यामुळे चुली विझल्या. धान्य बाजारात होतं, पण ते घ्यायला नेटवर्क नव्हतं.

मोठ्या देणगीदारांची अडचण निराळीच. त्यांना नोंदणी हवी, संस्थेचं खातं हवं, पावत्या हव्यात. इथे कक्षाची नोंदणी करायची कुठे? लष्कराकडच्या मानवीय मदत आयोगाकडे केली तर दुसरी बाजू गोळ्या घालणार, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्या बाजूनेही स्वतःची मदतसंस्था काढली होती. खरं तर २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत बड्या देणगीदारांनी आणि संस्थांनी लिहून दिलं होतं की २०२० पर्यंत किमान २५ टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिकांच्या हाती देऊ. ते लक्ष्य जवळपासही आलं नाही. सुदानमध्ये मध्यस्थ संस्थांमार्फत थोडा थोडा पैसा कक्षांपर्यंत पोचू लागला, त्यात अमेरिकेचा वाटा मोठा होता. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनने परदेशी मदत गोठवली आणि शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. २००९ मध्ये सही खार्टूममध्ये झाली होती, या वेळी ती साता समुद्रापलीकडे झाली, एवढाच फरक.

त्याच २०२५ सालात या कक्षांना नॉर्वेचा राफ्टो पुरस्कार आणि स्वीडनचा 'राइट लाइव्हलिहुड' पुरस्कारही मिळाला.

२०२४ च्या अखेरीस घर सोडावं लागलेल्या सुदानींची संख्या १ कोटी ४३ लाख होती. जगात दुसऱ्या कुठल्याही देशातले इतके लोक तेव्हा विस्थापित नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरमधल्या अल-फाशेर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. एप्रिल २०२५ मध्ये निमलष्करी दलाने ती छावणी उद्ध्वस्त केली आणि २६ ऑक्टोबरला अल-फाशेरच त्यांच्या हाती पडलं. दोन्ही वेळा माणसं पायी पश्चिमेच्या तवीला गावाकडे निघाली. तिथे चुली पेटवून बसलेल्यांत असे कित्येक होते, जे आधीच्या फेरीत याच रस्त्याने चालत आले होते.